लांगदॉक : 'हो' म्हणणाऱ्यांचा मुलूख नक्की कुठला?

गारोनकाठी

नमस्कार मंडळी,

तुलूझला येऊन चार वर्षं झाली. परवा मामाने फोनवर विचारलं, "तू फ्रान्सच्या कुठल्या प्रांतात राहतोस रे?" आणि मला धड उत्तर देता येईना. सरकारी पत्रांवर 'ऑक्सितानी' असतं. घरमालक 'मिदी' म्हणतो, म्हणजे नुसतं दक्षिण. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या वाइनवर 'पेई दॉक'. कालव्याकाठी फिरायला जातो तिथल्या माहितीच्या पाटीवर 'लांगदॉक'. ऑफिसात समुद्राकडच्या माँपेलिए शहराचा एक सहकारी आहे. त्याला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की आपण दोघं लांगदॉकवालेच. तो हसायलाच लागला. "तुलूझ? लांगदॉकात? कधीपासून?"

गंमत म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी हेच वाक्य ऐकून कुणी हसलं नसतं. लांगदॉक प्रांताचं सर्वोच्च न्यायालय, ज्याला तिथे 'पार्लमाँ' म्हणत, ते १४४३ पासून तुलूझलाच होतं. जुन्या नकाशांत हे शहर प्रांताच्या अगदी पश्चिम टोकाला, पण ठळक अक्षरांत दिसतं.

मग नादच लागला. नावाचा अर्थ पहिल्यांदा कळला तेव्हा मी चहा खाली ठेवला. 'लांग' म्हणजे भाषा आणि 'ऑक' म्हणजे हो. लांगदॉक म्हणजे 'हो'ला 'ऑक' म्हणणाऱ्यांची भाषा, आणि त्यावरून त्या लोकांचा मुलूख. उत्तर फ्रान्समध्ये मध्ययुगात 'हो'ला 'ऑइल' म्हणत, त्याचंच झिजून आजचं 'वी' झालं. म्हणजे पॅरिसकडचे 'ऑइल'वाले आणि इकडचे 'ऑक'वाले. एका अख्ख्या प्रांताचं नाव एका होकारावरून पडल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण मग हा मुलूख होता तरी केवढा? आणि इथले लोक स्वतःला लांगदॉकवाले म्हणायचे का? जाणकारांनी लिहावं.

शब्दवेडा

मस्त विषय! वाखू (वाचनखूण) साठवली.

व्युत्पत्तीत थोडी भर घालतो. लॅटिनमध्ये 'हो'साठी एकच असा ठरलेला शब्द नव्हता. होकार द्यायचा तर 'असंच', 'हेच' असं काहीतरी म्हणायचं, किंवा समोरच्याचं क्रियापद परत उच्चारायचं. 'हे' या अर्थाचा लॅटिन शब्द 'होक'. दक्षिणेत तो एकटाच राहिला, ह उडाला आणि 'ऑक' झाला. उत्तरेत त्याला 'तो' हे सर्वनाम चिकटलं, 'होक इले', म्हणजे 'हे तो (करतो)'. त्याचं 'ऑइल' आणि मग 'वी'. इटली-स्पेनकडे 'असं' या अर्थाचा 'सिक' उचलला गेला, त्याचं 'सी'. तिघी एकाच आईच्या मुली, पण मान डोलवायची तऱ्हा प्रत्येकीची निराळी.

हा होकारावरून भाषा ओळखण्याचा प्रकार इटालियन महाकवी दांतेने लिहून ठेवलाय. लोकभाषांबद्दल त्याचा एक लॅटिन ग्रंथ आहे, साधारण १३०३ ते १३०५ मधला. त्यात तो सरळ 'ऑक'वाले, 'ऑइल'वाले आणि 'सी'वाले असे तीन गट करतो. कल्पना त्याच्या आधीची असणार, कारण फ्रान्सच्या राजाच्या कागदांत हे नाव तेराव्या शतकाच्या अखेरीलाच दिसायला लागतं.

आता आपल्याकडे बघा. संस्कृतमध्ये होकाराला 'तथा' चालतं, म्हणजे 'तसंच'. हे त्या 'सिक'च्या जवळचं. आणि मराठी 'होय' तर 'होणे'चंच रूप. आपणही मुळात क्रियापदानेच मान डोलावतो.

वऱ्हाडी ठेचा

या हिशोबानं आमचा प्रांत 'हव'चा आन् कोल्हापूरकरांचा 'व्हय'चा. मुंबईकरांचं काय, 'या या, शुअर'चा मुलूख? 😄

मोडीवाचक

गारोनकाठी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण खरी मेख तिथे आहे. लांगदॉक हे नाव तिथल्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही. ते उत्तरेतून आलेल्या राजाच्या कारकुनांनी दिलेलं आहे.

तेराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा भाग तुलूझचे काउंट आणि इतर सरदारांच्या ताब्यात होता. फ्रान्सच्या राजाचं नाव कागदावर, हुकूम मात्र चालत नसे. १२०९ मध्ये कॅथार या पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पोपने पुकारलेलं धर्मयुद्ध सुरू झालं, बेझिए शहरात भयंकर कत्तल झाली, आणि वीस वर्षांनी, १२२९ च्या पॅरिसच्या तहात, तुलूझच्या सातव्या रेमों काउंटला आपली एकुलती मुलगी राजाच्या भावाला द्यावी लागली. ते जोडपं १२७१ मध्ये निपुत्रिक वारलं आणि सगळा मुलूख राजाच्या पदरात पडला.

आता राजाला हा नवा प्रदेश चालवायचा. कर, न्याय, सैन्य. पण याला म्हणायचं काय? एकसंध राज्य तर तिथे कधी नव्हतंच. कारकुनांना जाणवलेला सगळ्यात ठळक फरक म्हणजे हे लोक वेगळं बोलतात. म्हणून कागदोपत्री 'ऑक भाषेचा भाग', लॅटिनमध्ये 'ऑक्सिताना'. आजचं 'ऑक्सितानी' हेही त्याच टाकातून उतरलंय. चौदाव्या शतकात कर मंजूर करायला दोन स्वतंत्र सभा भरत, एक 'लांगदॉइल'ची आणि एक 'लांगदॉक'ची.

यातलं लांगदॉइल हे नाव मुलखाचं नाव म्हणून विरून गेलं. साहजिकच आहे. सत्ता ज्यांची, त्यांना वेगळं नाव लागत नाही, ते नुसते 'फ्रान्स'.

शब्दवेडा

@मोडीवाचक, जबरदस्त. मग स्वतः ते लोक आपल्या भाषेला काय म्हणत? जुन्या व्याकरणांत 'रोमान्स', 'लेमोझी', 'प्रोएन्साल' अशी नावं सापडतात. लेमोझी म्हणजे लिमूझाँकडची, प्रोएन्साल म्हणजे प्रोव्हान्सकडची. दरबारी प्रेमकविता रचणारे त्रुबादूर याच भाषेत लिहायचे, आणि त्यांचा दबदबा असा की दांतेने आपल्या महाकाव्यात आर्नो दान्येल या त्रुबादूरच्या तोंडी आठ ओळी याच भाषेत घातल्यात, तर्जुमा न करता.

तिरकस

म्हणजे थोडक्यात जिंकणाऱ्याने पराभूताला त्याच्या उच्चारावरून चिडवलं आणि तेच नाव प्रांताला चिकटलं. पुढे १५३९ मध्ये राजाने ऑक भाषेवर बंदीच घातली ना?

मोडीवाचक

@तिरकस, चिडवणं वगैरे नाही, कोरडा दफ्तरी शब्द आहे तो. आणि १५३९ चं ते विधान आंतरजालावर सगळीकडे फिरतं, पण जरा जपून. विलेर-कोत्रेच्या त्या हुकमात न्यायालयीन कागद 'फ्रेंच मातृभाषेत' लिहा असं म्हटलंय. नेम मुख्यतः लॅटिनवर होता. इतर बोलींनाही बाहेर काढायचा हेतू होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात. परिणाम मात्र झाला. दक्षिणेतले वकील आणि लेखनिक फ्रेंचकडे वळले. घरात, बाजारात, शेतात ऑकच चालू राहिली.

तुलूझचंच उदाहरण घ्या. तिथे १३२३ मध्ये सात कवींनी मंडळ काढून ऑक भाषेतल्या कवितांची स्पर्धा सुरू केली. बक्षीस सोन्याचं व्हायोलेट फूल. ती संस्था आजही आहे. १६९४ मध्ये चौदाव्या लुईने तिला अकादमीचा दर्जा दिला, पण तोवर तिथली भाषा फ्रेंच झाली होती.

गारोनकाठी

मोडीवाचक, दंडवत. त्या व्हायोलेटचा आता उलगडा झाला. इथे व्हायोलेटची गोळी, साबण, सरबत, काय वाट्टेल ते मिळतं.

पण पहिला प्रश्न तसाच राहिला. 'ऑक' तर पार प्रोव्हान्सपासून अटलांटिकपर्यंत बोलत असतील. मग सगळाच दक्षिण फ्रान्स लांगदॉक का नाही?

मोडीवाचक

कारण नाव भाषेचं असलं तरी हद्द राजाच्या वसुलीची होती. प्रोव्हान्स १४८१ पर्यंत फ्रान्सच्या राजाकडे नव्हतंच. बोर्दोकडचा भाग इंग्लंडच्या राजाकडे, तो १४५३ ला कायमचा परत आला. पर्पिन्याँकडचं रूसियाँ तर १६५९ च्या तहापर्यंत स्पेनकडे, आणि तिथली भाषा कातालान. १३६० च्या तहात पश्चिमेचा बराच मुलूख इंग्रजांना द्यावा लागला, तेव्हा लांगदॉक म्हणून हाती उरले ते तुलूझ, कार्कासोन आणि बोकेर हे तीन सुभे. पुढची चारशे वर्षं लांगदॉक म्हणजे साधारण तेवढंच. पूर्वेला ऱ्होन नदी, उत्तरेला पार ल प्युईपर्यंतचे डोंगर.

म्हणजे भाषा मोठी, प्रांत छोटा. लिमोजचा किंवा मार्सेचा माणूस 'ऑक' म्हणायचा, पण लांगदॉकवाला नव्हता.

द्राक्षबागवाला

नाशिककर हजर! वाइनच्या बाटलीवरून मी या भागात शिरलो, त्यामुळे माझा नकाशा वेगळा आहे. 😊

बाटलीवर दोन नावं दिसतात आणि लोक गल्लत करतात. 'पेई दॉक', म्हणजे 'ऑकचा देश', ही साध्या दर्जाची, द्राक्षाची जात ठळक लिहून विकली जाणारी वाइन. १९८७ पासून हे नाव आहे. दुसरं नुसतं 'लांगदॉक', ते वरच्या दर्जाचं नियंत्रित नाव, २००७ पासून. त्याआधी 'कोतो द्यू लांगदॉक' लिहीत, म्हणजे लांगदॉकचे उतार.

आता मजा बघा. या २००७ च्या नावाखाली रूसियाँसुद्धा येतं, जे मोडीवाचक म्हणतात तसं जुन्या लांगदॉकात कधीच नव्हतं. उलट आल्बीजवळचं गायाक, जे राजाच्या काळात लांगदॉकात होतं, त्याची वाइन आज 'नैऋत्य फ्रान्स'च्या फळीवर मांडतात. तुमचा माँपेलिएचा मित्र हसला तो याच नकाशामुळे. त्याच्या डोक्यात लांगदॉक म्हणजे समुद्राकडे उतरणारे द्राक्षमळे. नदीकाठचं विटांचं तुलूझ त्यात बसतच नाही.

वऱ्हाडी ठेचा

म्हंजे एकच नाव. भाषावाल्याचं येगळं, राजाचं येगळं, दारूवाल्याचं येगळं. सातबारा कोनाच्या नावावर हाय मंग?

गारोनकाठी

@वऱ्हाडी ठेचा, सातबारा १७९० लाच फाडला. 😅

क्रांतीनंतर जुने प्रांत मोडून देपार्तमाँ, म्हणजे जिल्हे, केले आणि त्यांना मुद्दाम नद्या-डोंगरांची नावं दिली, म्हणजे जुन्या निष्ठा पुसल्या जातील. तुलूझ वरच्या गारोन नदीचं, माँपेलिए एरो नदीचं, कार्कासोन ओद नदीचं. प्रांत गेला, प्रांताची सभा गेली, पार्लमाँ गेलं.

कालवासुद्धा सुटला नाही! मी ज्याच्याकाठी फिरतो तो 'कानाल द्यू मिदी'. प्येर-पोल रिके नावाच्या मिठावरचा कर गोळा करणाऱ्या अधिकाऱ्याने १६६६ ते १६८१ मध्ये तो खणून घेतला. तुलूझपासून समुद्रापर्यंत २४० किलोमीटर. बिचारा कालवा पुरा व्हायच्या काही महिने आधी, १६८० मध्ये गेला. मूळ नाव 'लांगदॉकमधला राजकालवा'. क्रांतीला 'राजा'ही नको होता आणि 'लांगदॉक'ही, म्हणून नुसतं 'दक्षिणेचा कालवा' केलं. १९९६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो याच नावाने. माझ्या पाटीवरचं 'लांगदॉक' जुनं नाव सांगण्यापुरतंच होतं, हे आता नीट वाचल्यावर कळलं.

मग विसाव्या शतकात सरकारने पुन्हा मोठे विभाग पाडले तेव्हा 'लांगदॉक-रूसियाँ' नावाचा विभाग केला, राजधानी माँपेलिए. आणि तुलूझ? 'मिदी-पिरेने'त. म्हणजे लांगदॉकच्या जुन्या राजधानीला बाहेर ठेवून लांगदॉक केलं.

पेठेतली काकू

मला वाइनमधलं काही कळत नाही, पण भाषेचं वाचून राहवलं नाही. क्रांतीनंतर १७९४ मध्ये ग्रेग्वार नावाच्या पाद्र्याने सरकारला अहवाल दिला होता, की देशातले जेमतेम तीस लाख लोक नीट फ्रेंच बोलतात, म्हणून बाकीच्या 'पात्वा' नष्ट करायला हव्यात. पात्वा म्हणजे गावंढळ बोली, तुच्छतेने. पुढे शाळा सक्तीच्या झाल्या, तेव्हा वर्गात पात्वा बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात एखादी वस्तू अडकवायचे, लाकडी खडावसुद्धा. त्याने दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून दिलं की ती त्याच्या गळ्यात. दिवसअखेर ज्याच्याकडे राहील त्याला शिक्षा. या सगळ्या प्रकाराला तिथे 'व्हेर्गोन्या' म्हणतात. म्हणजे लाज.

माझ्या नातीच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. चुगली मैत्रिणींनीच करायची. नाव घेत नाही शाळेचं. फ्रान्सचं वाचताना तेच आठवत होतं.

शब्दवेडा

काकू, +१०० आणि वाईटही वाटलं.

याच काळात उलटा प्रवाहही होता बरं. १८५४ मध्ये प्रोव्हान्समध्ये काही कवींनी या भाषेसाठी 'फेलिब्रीज' ही चळवळ काढली. त्यातल्या फ्रेदेरिक मिस्त्रालला १९०४ चं नोबेल मिळालं (अर्धं, दुसरं अर्धं एका स्पॅनिश नाटककाराला). शाळेत शिकवायला परवानगी मिळाली ती मात्र १९५१ च्या कायद्याने. नोबेल आधी आणि वर्गात प्रवेश सत्तेचाळीस वर्षांनी! सीमेपलीकडे स्पेनमधल्या आरान खोऱ्यात हीच भाषा आज अधिकृत आहे. फ्रान्समध्ये नाही.

तिरकस

बरं, ते 'ऑक्सितानी' मग कुठून टपकलं? मधेच नाव का बदललं?

गारोनकाठी

@तिरकस, तो तमाशा तर आत्ताचाच. मी आलो त्याच्या काही वर्षं आधीचा, पण ऑफिसात जेवणाच्या टेबलावर अजून त्यावरून वाद होतात.

आधीचा एक अंक आहे. २००४ मध्ये लांगदॉक-रूसियाँचे अध्यक्ष झालेले जॉर्ज फ्रेश यांना वाटलं, हे जोडनाव लांबलचक आहे. त्यांनी 'सेप्तिमानी' हे व्हिसिगॉथ राजांच्या काळातलं नाव काढलं. पंधराशे वर्षं जुनं, कुणाच्या स्वप्नातही नसलेलं! पर्पिन्याँचे कातालान लोक रस्त्यावर आले आणि २००५ मध्ये बेत गुंडाळावा लागला.

मग १ जानेवारी २०१६ ला सरकारने तुलूझचा विभाग आणि माँपेलिएचा विभाग एकत्र केला. तेरा देपार्तमाँ, राजधानी तुलूझ. नावासाठी लोकांचा कौल घेतला, दोन लाखांवर लोकांनी मत दिलं. पर्यायांत नुसतं 'लांगदॉक' होतं, 'लांगदॉक-पिरेने' होतं, 'ऑक्सितानी' होतं, आणखी दोन होती. ऑक्सितानीला जवळपास ४५ टक्के मिळाले. लांगदॉक कुठल्या कुठे मागे पडलं. सातशे वर्षांचं नाव, जुनी राजधानी परत आत आलेली, आणि लोकांना ते नको होतं!

कातालान पुन्हा भडकले, कारण ते 'ऑक'वाले नाहीतच. आणि लिमोज, मार्सेकडच्या ऑक्सितानवाद्यांना, म्हणजे ऑक भाषेच्या (तिचं आजचं नाव ऑक्सितान) कैवाऱ्यांना, वेगळंच दुखलं. सगळ्या भाषेचं नाव एका विभागाने घेतलं, मग आम्ही कोण?

द्राक्षबागवाला

बाजारात 'लांगदॉक' हे नाव द्राक्षाचं झालं होतं ना. तुलूझवाला विमानं बांधतो, तो कशाला ते कपाळावर लावून घेईल? माझा अंदाज.

मोडीवाचक

अंदाज पटण्यासारखा आहे. मी थोडं वेगळं म्हणेन. आपल्याकडे सरकारदरबारी 'खानदेश' नावाचा एकही जिल्हा उरलेला नाही. तरी जळगाव-धुळ्याचा माणूस पुण्यात भेटला तर पहिल्या दोन वाक्यांत 'आम्ही खानदेशी' म्हणतो. दफ्तरातून गेलं, तोंडात राहिलं. लांगदॉकचं उलटं झालं. ते दफ्तरात पाच शतकं नांदलं, पण लोकांच्या तोंडात घट्ट बसलंच नाही. दफ्तर जळालं तेव्हा धरून ठेवायला कुणी नव्हतं. उरलं ते बाटलीवर.

तिरकस

पण खानदेश हे नावही खानांनीच दिलेलं म्हणतात की. वरून आलेलं नाव तोंडात बसतच नाही असं कुठाय?

मोडीवाचक

@तिरकस, मान्य. इथे तुम्ही मला पकडलंत. खानदेशाला अहिराणी होती, एकच बोली, एकच बाजारपेठ, गाणी. लांगदॉकात तुलूझचा माणूस 'तुलूझँ' आणि सेव्हेन डोंगरातला 'सेव्हनोल', जो तो आपापल्या खोऱ्याचा. तरी हे पूर्ण उत्तर नाही. विचार करून लिहितो.

वऱ्हाडी ठेचा

मोडीवाचक 'विचार करून लिहितो' म्हनले. धागा शंभरी गाठनार! 🍿

गारोनकाठी

धागा वर काढतोय, कारण एक गोष्ट सांगायची राहिली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजीबाई राहतात, पंचाऐंशीच्या पुढच्या. लहानपण लोरागेत, म्हणजे तुलूझ आणि कार्कासोनच्या मधल्या गव्हाच्या पट्ट्यात गेलं. काल जिन्यात भेटल्या. हातात पावाची पिशवी (त्यांच्या भाषेत 'पोश'), आणि नातवासाठी 'शोकोलातीन', म्हणजे चॉकलेट भरलेला पाव (त्याचं पॅरिसमधलं नाव इथे घेतलं तर भांडण होतं). मी विचारलं, तुम्ही लहानपणी ऑक्सितान बोलायचात का? म्हणाल्या, "छे, ऑक्सितान नाही. आम्ही पात्वा बोलायचो." मेट्रोत आता प्रत्येक स्टेशन दोन भाषांत पुकारतात, फ्रेंच आणि ऑक्सितान. ते दुसरं कळतं का विचारलं. म्हणाल्या, कळतं की, पण ती बाई रेडिओवर बोलल्यासारखी बोलते.

मग मी मुख्य प्रश्न विचारला. हे सगळं नाव ज्या शब्दावरून पडलं तो 'ऑक' तुम्ही म्हणायचात का?

"भावंडांना, मैत्रिणींना, कुत्र्याला, गाईला," त्या म्हणाल्या. "मास्तर, डॉक्टर, पाद्री यांना नाही. आजोबांनाही नाही. त्यांना 'ऑक' म्हटलं असतं तर कानाखाली बसली असती. मोठ्यांना 'वी' म्हणायचं."